कोल्हापूरला घरी जायचंय: कॅराव्हॅन घ्यावी, स्वतःची गाडी न्यावी की रेल्वेनं जावं?

पुण्यात येऊन २० वर्षं झाली, तरी आमच्यात "घरी जाऊया" म्हटलं की ते कोल्हापूरच. मागच्या दिवाळीनंतर मी, बायको, दोन मुलं आणि ७५ वर्षांची आई भाड्याची कॅराव्हॅन, म्हणजे आत पलंग, शेगडी आणि संडास असलेली राहायची गाडी, घेऊन पाच दिवस जाऊन आलो. मे महिन्यात तोच प्रवास स्वतःच्या गाडीनं केला आणि शिवाजी पेठेत चुलत्यांकडं, म्हणजे तात्यांकडं राहिलो. मधे एकदा रेल्वेही झाली. आता ओळखीतले लोक विचारतात, कॅराव्हॅन घेऊ का? मी उलट विचारतो, तिकडं फिरणार किती आणि पाव्हण्यांत बसणार किती?

आधी पैशाचं

कॅराव्हॅन बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरसकट मिळते. दिवसाचं भाडं, ड्रायव्हरचा भत्ता, टोल वेगळा, आणि खरी मेख म्हणजे रोजचे किमान किलोमीटर. आमच्या करारात ते २५० होते. पुणे ते कोल्हापूर महामार्गानं साधारण २३५ किलोमीटर. जाऊन-येऊन ४७०, वर पन्हाळा, नृसिंहवाडी आणि राधानगरी मिळून आणखी अडीचशेच्या आत. गाडी धावली सव्वासातशेच्या आसपास, पैसे मोजले पाच दिवसांच्या साडेबाराशे किलोमीटरचे. नातेवाइकांच्या भेटीत गाडी उभीच जास्त असते, आणि हे भाडं पळणाऱ्या गाडीचा हिशेब धरून बांधलेलं असतं. रोज नवं गाव करणाऱ्याला ते परवडतं, आत्याकडं दुपारी जेवून झोपणाऱ्याला नाही.

स्वतःच्या गाडीला तेल आणि खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे चार नाके. मुक्काम फुकट. (फुकट म्हणजे मिठाई, मुलांच्या हातात पैसे, काकूला साडी. कोल्हापुरात हा हिशेब कुणी लिहून ठेवत नाही, पण विसरतही नाही.)

राहायचं कुठं

कॅराव्हॅनची सगळी गंमत आणि सगळा मनस्ताप इथं आहे. आमची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. एका बाजूला लावलेल्या मोटरसायकली, दुसऱ्या बाजूला कट्टा, वर केबलच्या वायरी. ड्रायव्हरनं उतरून एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं. शेवटी चुलतभावाच्या कळंब्याकडच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी लावली आणि रोज पेठेत यायला दोन रिक्षा केल्या.

वीज शेजारच्या घरातून ओढली. एसी लावला की त्यांचा एमसीबी पडायचा, म्हणून दुसऱ्या रात्रीपासून पंख्यावर भागवलं. संडासाखाली काढता येणारा डबा असतो, तो पाच माणसांत दोन दिवसही पुरत नाही. रिकामा कुठं करायचा? चुलतभावाच्या बंगल्यात. पाव्हण्यांना त्रास नको म्हणून गाडी आणली आणि भल्या सकाळी डबा घेऊन पाव्हण्यांच्याच घरात शिरलो. वहिनी चहा गाळत होत्या. त्यांनी एकदा बघितलं आणि पाठ फिरवली, एवढं सौजन्य मी आयुष्यभर विसरणार नाही.

तात्यांचं वेगळंच. पहिल्याच दिवशी म्हणाले, "गाडीत झोपतोस? घर पडलंय व्हय रं आमचं?" पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले, आईशी मात्र तासन् तास. गाडीतला फ्रीज आणि शेगडी दोन्ही वाया गेली. कोल्हापुरात पाव्हण्याला कोण स्वयंपाक करू देतंय? रात्री तांबडा-पांढरा एका घरी, सकाळी मिसळ दुसऱ्याच्या खिशातून. पाच दिवसांत त्या शेगडीवर दोनदा चहा झाला, तोही ड्रायव्हरनं केला. त्यालाही तात्यांनी जेवायला बसवलं आणि तिसरी भाकरी आग्रहानं वाढली.

स्वतःच्या गाडीनं गेलो तेव्हा तात्यांच्या घरी राहिलो. अडचण एकच, पण मोठी: संडास खाली बैठा आणि झोपायचं वर माडीवर. आईचे दोन्ही गुडघे गेलेले. खरं तर कॅराव्हॅनचा विचार आला तो यामुळंच. मे महिन्यात मेडिकलमधून घडीची कमोड खुर्ची घेतली, डिकीत टाकली, आणि आईचं अंथरूण खालच्या सोप्यात घातलं. प्रश्न संपला. गाडी ठरवण्याआधी हे सुचलं असतं तर निम्मा खर्च वाचला असता.

रस्त्यावर मात्र

इथं कॅराव्हॅनला तोड नाही. आईला तासा-दीड तासानं उतरावं लागतं, आणि महामार्गावरच्या हॉटेलांची स्वच्छतागृहं म्हणजे नशिबाचा भाग. गाडी कडेला सुरक्षित जागी लावली की काम झालं, हॉटेल शोधणं नाही. फक्त एक लक्षात ठेवा, चालत्या गाडीत पलंगावर झोपायचं नसतं, पट्टा लावून खुर्चीतच बसायचं. खंबाटकीच्या वळणांवर मुलांना ते तीनदा सांगावं लागलं.

नृसिंहवाडीला तर गाडी देवासारखी उपयोगी पडली. संगमावर जाऊन दत्ताचं दर्शन झालं, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतली, आणि आई दुपारी दोन तास गाडीत आडवी झाली. मग खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात ताजीतवानी होऊन फिरली. साध्या गाडीनं हे दोन्ही एका दिवशी तिला जमलं नसतं. राधानगरीच्या वाटेवर ऊसतोड चालू होती, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरमागं आमची वरात. कंटाळून एका गुऱ्हाळावर थांबलो. काहील चुलाणावरून उतरेपर्यंत तासभर गेला, मुलांनी कोमट काकवी बोटानं चाटली, हात गाडीतल्या बेसिनमध्ये धुतले. टाकीतलं पाणी तिथंच संपलं.

पण वाडीला निघताना दारात काय झालं ते सांगायला हवं. काकू नऊवारी नेसून तयार, आत्या पिशवी भरून तयार. गाडीत आसनं ड्रायव्हर धरून सहा. "पलंगावर बसतो की आम्ही," आत्या म्हणाली. तिला नाही म्हणणं मला फार जड गेलं. कॅराव्हॅन चार-पाच जणांच्या कुटुंबाची गाडी आहे, भावकीची नाही.

जुनं घर

आमचा वाडा विकून झाला, तिथं आता तीन मजली इमारत आहे. ते बघायला कुठलीच गाडी कामाची नाही. सकाळी सहाला रिक्षानं रंकाळ्यावर उतरायचं आणि आईच्या चालीनं, थांबत थांबत पेठेत यायचं. इमारतीच्या दाराशी आमचं जुनं दगडी उखळ होतं, त्यात तुळस लावलेली. आईनं पानं बाजूला करून आत हात घातला आणि म्हणाली, "कड अजून तशीच आहे, गुळगुळीत." वॉचमन बघत राहिला.

रेल्वे

पुण्याहून वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस, साधारण सव्वापाच तास. मुंबईकरांना महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची, रात्री बसायचं आणि सकाळी कोल्हापूर. रुळांची वाट मिरजेचा वळसा घालून जाते, म्हणून अंतर रस्त्यापेक्षा बरंच जास्त पडतं. पण म्हाताऱ्या माणसाला पाय मोकळे करता येतात, आणि पुढं सगळीकडं रिक्षा. एकटं-दुकटं असाल, दोन-तीन दिवस भेटीगाठीच करायच्या असतील, तर मी दुसरं काही सुचवणार नाही.

तारखा मात्र बघून ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा चढते. २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद होती, आणि अशा वेळी गाडीत राहायची हौस कुणी करू नये. अंबाबाईचा किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असतो. त्या दिवसांत देवळाच्या आसपास मोठी गाडी न्यायचा विचारही नको. गुऱ्हाळं बघायची तर थंडीच बरी.

मी कॅराव्हॅन कुणाला सांगेन? ज्यांचं गावात आता कुणी उरलं नाही, किंवा आहेत पण घरी उतरण्याएवढं नातं राहिलं नाही, आणि बरोबर आईसारखं कुणी आहे, त्यांना. पन्हाळा, वाडी, खिद्रापूर, राधानगरी असं रोज हलत राहायचं असेल तर पैसेही वसूल होतात. भाडं ठरवताना किमान किलोमीटर, टाकी किती लिटरची आणि डबा रिकामा कोण करणार, हे तीन प्रश्न आधी विचारा. तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या.

येत्या नोव्हेंबरात आम्ही स्वतःच्या गाडीनंच निघणार आहोत, कमोड खुर्ची डिकीत. वाडीला जायच्या दिवसासाठी तिथलीच १७ आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर सांगितली आहे. खिडकीची जागा आत्यानं फोनवरच धरून ठेवली.