नाशिकहून लक्ष्मी विलास पॅलेस: आधी बाहेरून बघा

मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव गायकवाड झाले. त्यांच्यासाठी बडोद्यात बांधलेला लक्ष्मी विलास हा महाल १८९० मध्ये पूर्ण झाला. नाशिककरांना जायला एवढं निमित्त पुरे, पण एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नका. गाडीनं सात-आठ तास लागतात. पेठ-धरमपूर घ्या नाहीतर वणी-सापुतारा, घाट चुकत नाही. पावसाळ्यात सापुताऱ्याला धुकं असलं की वेळेचं गणित कोलमडतं. आदल्या रात्री बडोद्यात मुक्काम करा आणि सोमवार टाळा, त्या दिवशी बंद असतो.

लोक तिकीट काढून थेट आत घुसतात, आणि तिथेच चुकतं. खरा ऐवज दर्शनी बाजूला आहे. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांचाच. १८८१ मध्ये ते वारले आणि रॉबर्ट चिझम यांनी काम पुरं केलं. सोनगडचा सोनेरी दगड, आग्र्याचा लाल, पुण्याकडचा निळसर काळा, असं सगळं एकाच भिंतीवर दिसतं. झरोके, खांबांवरच्या घुमटीवजा छत्र्या, जैन देवळांसारखे घुमट आणि मध्येच युरोपीय मनोरा. खिचडी म्हणा हवं तर, पण जमलेली. कोल्हापूरचा राजवाडा मात्र जास्त आटोपशीर वाटतो. बाहेर अर्धा तास तरी द्या.

आत ठरावीक दालनंच उघडी आहेत, राजघराणं अजून तिथे राहतं. दरबार हॉलमध्ये खाली व्हेनिसच्या कारागिरीची मोझेक फरशी आणि खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा. आत फोटो काढू देत नाहीत. ऑडिओ गाइड नक्की घ्या, पाट्यांवरून फारसं कळत नाही.

बागेबद्दल अपेक्षा बेतानं ठेवा. आखणी लंडनच्या क्यू बागेत काम केलेल्या विल्यम गोल्डरिंग यांची. पण रंगीबेरंगी ताटवे शोधाल तर हिरमोड होईल. इथे मोठी हिरवळ, कारंजी आणि नीट राखलेली झाडं आहेत, बऱ्याच जमिनीवर आता गोल्फ चालतं. उन्हाळ्यात हिरवळीवर सावली नाही, टोपी-पाणी जवळ ठेवा.

आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयाचं तिकीट वेगळं आहे. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं तिथे आहेत. दमल्यावर शेवटी जाण्यापेक्षा सकाळी तेच आधी उरका.