२८ इंची बॅग: हायडेलबर्गचा प्रवास आणि पुण्याचे वसतिगृह

मे महिन्यात मामाकडे जर्मनीतल्या हायडेलबर्गला जायचे ठरले, तेव्हा बाबांनी कोल्हापुरातून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या टणक कवचाची, चार चाकांची २८ इंची बॅग ५,२०० रुपयांना आणली. जूनअखेर मी परतले आणि बाराव्या दिवशी तीच बॅग भरून रत्नागिरीहून पुण्याला, पदव्युत्तर शिक्षणासाठी वसतिगृहात राहायला आले. अनेक घरांत असेच होते. परदेशवारीसाठी घेतलेली मोठी बॅग पुढे शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याला येते. म्हणूनच चार महिन्यांच्या वापरानंतर तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

विमानप्रवासापुरती माझी काहीच तक्रार नाही. लांबी, रुंदी आणि जाडी मिळून ती १५८ सेंटिमीटर भरते आणि बहुतेक विमान कंपन्यांची मर्यादाही तेवढीच असते. रिकाम्या बॅगेचे वजन ४.४ किलो असल्यामुळे २३ किलोंच्या मर्यादेत साडेअठरा किलो सामान नेता आले. त्यातले चार किलो आईने मामासाठी बांधून दिलेले कुळथाचे पीठ, आमसुले आणि गोडा मसाला होता. पॉलिप्रॉपिलीन दाबले की वाकते आणि पुन्हा मूळ आकारात येते. त्यामुळे फ्रँकफर्टला बॅग पट्ट्यावर आली तेव्हा तिच्यावर ओरखडे होते, पण तडा कुठेही गेला नव्हता.

चाकांची परीक्षा हायडेलबर्गच्या जुन्या शहरात झाली. १३८६ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या आसपासच्या गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे, आणि विमानतळावर एका बोटाने ढकलता येणारी ही चाके त्या दगडांच्या फटींत पुन्हा पुन्हा अडकू लागली. मामाने बॅग तिरकी करून दोनच चाकांवर ओढायला सांगितले, तेव्हा ती चालली. तरी घरी पोहोचेपर्यंत एका चाकाचे रबर सुटले होते. कंपनीकडे विचारणा केली असता चाकांची झीज वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर मिळाले, आणि महिन्याभरात सुटलेल्या रबराला झीज म्हणणे मला पटलेले नाही. अखेर रविवार पेठेतील एका बॅगदुरुस्ती करणाऱ्या काकांनी आतल्या अस्तराची चेन उघडली आणि चाक चार स्क्रूंवर बसवलेले आहे, हे मला दाखवले. रिबिट मारलेले असते तर ते कापून काढावे लागले असते. त्यांनी २५० रुपयांत नवे जोडचाक बसवून दिले. बॅग घेताना दुकानातच अस्तर उघडून एवढे जरूर पाहावे.

वसतिगृहात मात्र या बॅगेची खरोखर अडचण होते. आमच्या खोलीत दोन खाटांमध्ये जेमतेम तीन फूट जागा आहे. बॅग पुस्तकासारखी मधोमध उघडते, म्हणजे ५२ सेंटिमीटर रुंदीची बॅग उघडल्यावर १०४ सेंटिमीटर जमीन अडवते. त्यामुळे तिचा एक भाग खाटेला टेकवून धरावा लागतो, त्यातले कपडे घसरतात आणि खोलीतल्या मैत्रिणीला पाय वर घेऊन बसावे लागते. बाबा शिकायला असताना वापरत असलेली पत्र्याची ट्रंक अजून घरी आहे. तिचे झाकण वर उघडते आणि ती बंद असताना जेवढी जागा घेते, तेवढीच उघडल्यावरही घेते. आमच्या खोलीला तशीच रचना हवी होती.

कुलपावरही फार विसंबू नये. आकड्यांचे कुलूप लावलेले असले तरी चेनच्या दातांत बॉलपेनचे टोक खुपसून ती उघडता येते, म्हणून मूळ गुणपत्रिका आणि पासपोर्ट मी भिंतीतल्या कपाटात ठेवले आहेत. पावसाचेही तसेच. एसटीच्या डिकीत साचलेल्या पाण्याने कवचाला काही झाले नाही, परंतु चेनच्या कडेने पाणी झिरपून दोन वह्या भिजल्या.

दोन्ही कामांसाठी एकच बॅग घ्यायची असेल, तर २४ इंची आणि वरून झाकण उघडणारी घ्यावी. टणक कवचातही आता तशा बॅगा मिळतात. माझी बॅग सध्या खाटेखाली आहे, तिच्यात आजीने शिवलेली गोधडी आणि हायडेलबर्गला घेतलेले जाड जॅकेट ठेवले आहे, आणि दिवाळीला घरी जाताना मी फक्त पाठीवरची सॅक नेणार आहे.