लेकराच्या चामखिळी अन् होमिओपॅथी: बऱ्याच महिन्यांनंतरचा अनुभव

पोराच्या बोटावरच्या चामखिळी गेल्या हे भावकीत कळल्यापासून रोज कोणीतरी डॉक्टरचा पत्ता मागायलंय. प्रत्येकाला फोनवर तेच ते सांगून तोंड दुखायलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पत्ता देणार नाही, का ते पुढं येईलच.

सुरुवात उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नखाजवळ झाली. एकच होती. मग पोरानं ती दातानं कुरतडली, खाजवली अन् दोन्ही हातांवर पसरवली. एचपीव्ही नावाच्या व्हायरसनं हे होतं, त्यामुळं नखं खाणाऱ्या लेकरांत लवकर पसरतं. आई म्हणली घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, मामा म्हणले बिब्बा लावा. बिब्ब्याला आपण लांबूनच नमस्कार केला, कातडी भाजून निघते त्यानं. स्किनवाल्या डॉक्टरनं मशीननं जाळायचं सांगितलं, तर पोरगं मशीन बघूनच टेबलाखाली गेलं. मग राहिली होमिओपॅथी, गोळ्या गोड असतात, लेकरू स्वतःहून मागून खातं.

औषध काय होतं? आठवड्यातून एकदा एक पुडी, रोज साबुदाण्याच्या गोळ्या, अन् वरून लावायला थुजा क्यू, म्हणजे थुजा नावाच्या झाडाचा अल्कोहोलमधला अर्क. पुडीत थुजा २०० (तोच थुजा, पण लई वेळा पातळ केलेला) आहे हे लई खोदून विचारलं तेव्हा कळलं, गोळ्यांच्या बाटलीवर नुसतं "सकाळ-संध्याकाळ ४-४" एवढंच. पंधरा दिवसाचे तीनशे रुपये घेता अन् त्यात काय आहे ते लिहीत नाही? किराणावाला सुद्धा पुडीवर भाव टाकून देतो. हीच कटकट मी डॉक्टरपुढं केली तर म्हणले, "तुम्ही औषधाकडं नाही, फरकाकडं बघा." त्यात कच्चा कांदा, लसूण, कॉफी बंद. कॉफी आमच्याकडं पाहुण्यालाच, पण लसणाशिवाय ठेचा म्हणजे पोरानं भाकरीकडं बघणंच सोडलं.

आता खरा राग. थुजा क्यूची ३० मिलीची बाटली. झाकण काढलं की आत प्लास्टिकचं बारीक भोक. उलटी धरली तर थेंब पडत नाही, जरा हलवली की भसकन एवढं येतं की चामखीळ मुगाएवढी अन् औषध मनगटापर्यंत. त्यात अल्कोहोल, नखाजवळच्या फाटलेल्या कातडीला लागलं की पोरगं घर डोक्यावर घेतं. रंग हिरवट तपकिरी, शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला लागला तो आजपर्यंत निघाला नाही. कानाची काडी वापरून बघितली, अर्धं औषध कापूसच पितो. दुकानदाराला म्हणलं ब्रशवालं द्या, तो म्हणतो, "साहेब, कंपनीकडून असंच येतंय, मी काय करायलाव?" अहो जत्रेतल्या नेलपॉलिशला सुद्धा झाकणात ब्रश येतो! कंपनी बदलून दुसरी बाटली घेतली, तिचं भोक आणखी मोठं. शेवटी झाकणात चार थेंब काढून काडेपेटीच्या काडीनं लावायचो, त्यातलं किती चामखिळीला अन् किती फरशीला ते देवाला माहीत.

तीन महिन्यांपर्यंत माझं मत असं होतं की पैसे वाया गेले. चामखिळी कमी व्हायच्या ऐवजी डाव्या अंगठ्यावर दोन नवीन आल्या. डॉक्टर म्हणले, रोग बाहेर पडायलाय, चांगलं लक्षण आहे. वाढलं तरी चांगलं अन् कमी झालं तरी चांगलं, मग वाईट लक्षण कोणतं हे विचारायचं तोंडात आलं होतं, बायकोनं डोळे मोठे केले.

अन् मग पावसाळ्यात अचानक! आधी त्यातले काळे ठिपके गेले (ते ठिपके म्हणजे मूळ नाही, बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं), मग चामखिळी सपाट होत होत पार नाहीशा झाल्या, डागसुद्धा नाही. मी खूश, बायको तर डॉक्टरला पेढे देऊन आली. थुजाला पाच स्टार द्यायला निघालो होतो.

पण दोन गोष्टी डोक्यातून जाईनात. एक म्हणजे बाटलीच्या त्रासामुळं डाव्या हाताला थुजा क्यू लावणं मी कधीच सोडलं होतं, अन् डावा हात उजव्याच्या आधी साफ झाला. आता डॉक्टर म्हणतील ते पोटातल्या गोळ्यांनी गेलं. ठीक आहे, पण दुसरी गोष्ट, शेजारच्या पोरीच्या हातावर तशाच होत्या, तिला कोणी काहीच केलं नाही, तिच्याही गेल्या. मग वाचत बसलो. लेकरांच्या बहुतेक चामखिळी वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, शरीराला व्हायरस ओळखू आला की संपलं. १९९२ ला कॅनडात तळपायाच्या चामखिळींवर थुजासकट होमिओपॅथीची औषधं एकीकडं अन् नुसत्या बिनऔषधाच्या गोळ्या दुसरीकडं असं करून बघितलं, दोन्हीत फरक निघाला नाही. अन् २०० पोटन्सी म्हणजे एक भाग ९९ भागांत, त्यातला एक भाग पुन्हा ९९ त, असं २०० वेळा. बाराव्या वेळेच्या पुढंच मूळ औषधाचा एक कण सापडायची आशा सोडायची. ही पद्धत काढणारे हानेमान जर्मनीचे, आमची परभणी, जगात जर्मनी भारतात परभणी म्हणून मी किती दिवस भरवसा ठेवला! क्यूचं म्हणाल तर त्यात झाडाचा अर्क खरंच असतो, पण अंगणातल्या मोरपंखीला थुजा समजून पाला घासू नका, औषधाचा थुजा अमेरिकेकडचा, झाड वेगळं.

म्हणून पत्ता देत नाही. डॉक्टर माणूस वाईट नाही, पण माझ्या नावावर तुमचे तीनशे-तीनशे जायला नकोत. लेकराला दुखत नसेल तर नखं खाऊ देऊ नका, टॉवेल वेगळा ठेवा अन् वाट बघा. मोठ्या माणसाला नवीनच काही वाढायलं, रक्त यायलं, रंग बदलायला तर चामखीळ समजून घरी बसू नका, स्किनवाल्याला दाखवा. शुगरवाल्यांनी पायाला स्वतःच्या मनानं कोणतंच ऍसिड लावायचं नाही.

आता बायकोच्या तळपायाला एक झालीय, शुगर नाही तिला. ती त्याच डॉक्टरकडं जायचं म्हणायली. मी मेडिकलवरून सॅलिसिलिक ऍसिडची बाटली आणून ठेवलीय, रोज रात्री पाय गरम पाण्यात भिजवून, वरची मेलेली कातडी घासून लावायची, दोन-तीन महिने लागतात म्हणे. पैसे पण कमी गेले, अन् झाकणातच ब्रश आहे.