नवी रॅम बसवल्यावर कॉम्प्युटर बिनसला? मेमटेस्ट८६ प्लस वापरून पाहा

रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्लस हा प्रोग्रॅम दिसायला अगदी जुनाट आहे. निळा पडदा, पांढरी अक्षरं, आकड्यांचे रकाने, माऊसचा पत्ता नाही. तरीही रॅम वाढवल्यावर घरचा कॉम्प्युटर विचित्र वागायला लागला, तर मी सगळ्यात आधी हाच प्रोग्रॅम चालवा असं सांगेन. विंडोज पुन्हा टाकणं, ड्रायव्हर बदलणं, सगळं नंतर.

माझं काम घरातल्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून जपण्याचं. एकेक टिफ फाइल इतकी मोठी होते की आधीच्या ८ जीबीत मशिन रडतखडत चालायचं. म्हणून ४ जीबीच्या दोन जुन्या स्टिक तशाच ठेवून ८ जीबीच्या दोन नव्या बसवल्या. बायोसनं (मशिन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅमनं) २४ जीबी दाखवली, विंडोज सुरू झालं. मग ब्राउझरचे टॅब आपोआप बंद पडू लागले. चांगल्या झिप फाइली उघडताना सीआरसी एरर (फाइल आतून बिघडल्याची तक्रार) येऊ लागला. ब्लू स्क्रीनवर कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, तर कधी थेट ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव. दर वेळी कारण वेगळं दिसणं हीच मोठी खूण आहे. मेमरीचा दोष स्वतःच्या नावानं क्वचितच समोर येतो. ज्या प्रोग्रॅमचा डेटा त्या खराब जागी पडला, त्याच्यावर आळ येतो.

विंडोजमध्येही मेमरीची तपासणी असते. ती सहसा ‘स्टँडर्ड’वर चालते, एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडता येते. पहिली चाळणी म्हणून ती चालेल. पण ती निर्दोष म्हणाली म्हणून रॅमवरचा संशय मी सोडणार नाही.

मेमटेस्टचं मूळ १९९४ मधलं, ख्रिस ब्रेडी यांचं. २००४ मध्ये सॅम्युएल डेमेलमेस्टर यांनी त्यातून ‘प्लस’ वेगळा काढला. मधली बरीच वर्षं तो थंडावला होता. २०२२ मध्ये ६.०० ही आवृत्ती आली, तिचा पाया मार्टिन व्हिटेकर यांच्या पीसीमेमटेस्टचा आहे, आणि तेव्हापासून तो यूईएफआयच्या (बायोसची नवी पिढी) मशिनवरही नीट चालतो. मोफत आहे, मुक्त स्रोत आहे. नुसता ‘मेमटेस्ट८६’ नावाचा दुसरा प्रोग्रॅम आहे, तो पासमार्कचा. त्याची मोफत आवृत्ती चार फेऱ्यांवर थांबते (सगळ्या चाचण्या एकदा पूर्ण झाल्या की एक फेरी). प्लसला असं बंधन नाही, रात्रभर चालू द्या.

पेनड्राइव्हवर टाकायचा आणि त्यावरूनच मशिन सुरू करायचं. माझ्या मशिनवर त्यासाठी सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून मशिन सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावा लागला. विंडोज मध्ये नसल्यामुळे जवळजवळ सगळी रॅम त्याच्या ताब्यात येते. प्रोग्रॅम स्वतः ज्या जागेत बसलेला असतो तीही तो सुटू देत नाही, तिथून हलून ती जागा तपासतो.

त्याच्या चाचण्या मला मनापासून आवडतात. ‘मूव्हिंग इन्व्हर्जन्स’मध्ये तो रॅमभर एक ठरावीक नमुना लिहितो, मग एकेक जागा वाचून तिथे उलटा नमुना लिहीत वर जातो आणि शेवटाकडून तपासत परत येतो. शेजारच्या पेशीत (एक बिट, म्हणजे ० किंवा १, साठवणाऱ्या कणभर जागेत) लिहिल्यावर आपली किंमत बदलणारी कमकुवत पेशी यात सापडते. ‘बिट फेड’ याहून वेगळी. रॅमच्या पेशीतला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. ही चाचणी रॅम भरून काही मिनिटं नुसती थांबते आणि मग काय टिकलं ते पाहते.

चूक सापडली की लाल ओळ उमटते: पत्ता, काय अपेक्षित होतं, काय मिळालं. माझ्याकडे सातव्या चाचणीत अशा ओळी आल्या. लाखो बरोबर वाचनांत एकच चूक, तर चालवून घेऊ, असं कृपया म्हणू नका. मान्य होण्यासारखा आकडा फक्त शून्य. पहिली फेरी हलकी असते, म्हणून तेवढ्यावर थांबूही नका.

प्रोग्रॅमची मोठी उणीव इथेच लागते. पत्ता तो देतो, पण स्टिक कोणती ते त्यावरून कळत नाही. शिवाय तो नुसती स्टिक तपासत नसतो. स्लॉट, मदरबोर्ड, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, सगळी वाट एकदम तपासली जाते. म्हणून पुढचं काम आपलं. आधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं चालवण्याची सेटिंग) बंद करा. डीडीआर४ प्रकारची रॅम मूळ १.२ व्होल्टवर चालते, एक्सएमपी बहुतेकदा १.३५ व्होल्ट आणि जास्त वेग लावतं, आणि धडधाकट स्टिकलाही तो वेग न झेपणं शक्य असतं. मग मशिन बंद करून, प्लग काढून, एकच स्टिक ठेवा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर एकट्या स्टिकची जागा प्रोसेसरपासून दुसरी असते, ए२. माझी जुनी जोडी स्वच्छ निघाली, नव्यातली एक स्वच्छ. दुसरीनं लाल ओळी दिल्या. तिला दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवलं, ओळी तिच्या मागोमाग गेल्या. त्या जागी चांगली स्टिक लावली, ओळी गायब. दोष स्टिकचा, बोर्डाचा नाही, हे इतक्या स्पष्टपणे कळणं फार मोलाचं आहे.

एकेकटी प्रत्येक स्टिक पास, पण चारही एकत्र नापास, असंही होतं. तेव्हा बहुतेकदा कुठलीच स्टिक खराब नसते. वेगवेगळ्या जोड्या कंट्रोलरला कधीकधी एकत्र सांभाळता येत नाहीत. वेग उतरवून पाहा, नाहीतर एकच जुळता सेट वापरा.

आता ज्यासाठी मी हे कळकळीनं लिहिते आहे ते. मशिन बंद पडणं हा खराब रॅमचा सौम्य त्रास आहे. खरा घात ती गुपचूप करते. फाइल सेव्ह होते, एरर येत नाही, आणि आतला एखादा बिट उलटलेला असतो. माझ्या काही स्कॅनमध्ये चुकीच्या रंगाची बारीक पट्टी होती, म्हणून नजरेला पडलं. हिशेबाच्या तक्त्यात असं काही दिसलंच नसतं. म्हणून दोष सापडल्यावर त्या काळात कॉपी केलेलं, सेव्ह केलेलं सगळं संशयित धरा. जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नका. निर्दोष रॅमवर मशिनवरच्या आणि जुन्या बॅकअपमधल्या फाइलींचे एसएचए-२५६ (फाइलीच्या आतल्या डेटावरून निघणारा, ठशासारखा आकडा) काढून ताडून पाहा. जे जुळत नाही ते जुन्या प्रतीवरून घ्या. मला त्या काळातल्या निगेटिव्ह पुन्हा स्कॅन कराव्या लागल्या, कारण त्यांची दुसरी प्रत नव्हतीच.

वॉरंटीसाठी लाल ओळींचा फोटो मोबाइलनं काढून ठेवा. पडद्यावर प्रोसेसर, रॅमचा वेग आणि चाचणीचा क्रमांक सगळं एकत्र दिसतं, त्यामुळे वेगळं पटवून द्यावं लागत नाही. रॅम जोडीनं घेतली असेल तर दोन्ही स्टिक एकत्र परत करा, म्हणजे बदलीतही जुळती जोडी मिळते. नव्या जोडीवर विंडोज सुरू करण्याआधी मेमटेस्टची पूर्ण रात्र होऊ द्या.