साउथ आयलंडला गाडीने फिरताना मोटेल घ्यावं की हॉलिडे पार्कची केबिन?

क्राइस्टचर्चहून टेकापो, वानाका, हास्ट, फ्रान्झ जोसेफ आणि आर्थर्स पासवरून परत असा न्यूझीलंडचा गोल फेरा मारायचा तर छोट्या गावांत परवडणारे मुख्य पर्याय दोनच, मोटेल नाहीतर हॉलिडे पार्क (म्हणजे तंबू, कॅम्परव्हॅन आणि छोट्या केबिन असलेला कॅम्प), आणि दोन्ही आपल्याकडच्या लॉजसारखे अजिबात नसतात.

मोटेल म्हणजे बहुतेक वेळा बैठी चाळच, ओळीने खोल्या आणि गाडी थेट दारात, त्यामुळे बॅगा ओढत फिरावं लागत नाही. चेक-इनला बऱ्याच ठिकाणी हातात दुधाची छोटी बाटली देतात, फुल क्रीम हवं की ट्रिम (कमी फॅटचं) असं विचारतात, खोलीत किटली आणि चहा-कॉफी असतेच म्हणजे आल्या आल्या चहाची सोय. थंडीत गादीवर इलेक्ट्रिक ब्लँकेट असतं, ते झोपायच्या अर्धा तास आधी लावून ठेवा कारण जुन्या मोटेलच्या काचा एकेरी असतात आणि खोली पटकन गार पडते. किचनचं मात्र नीट वाचून घ्या, काही स्टुडिओत (एकाच खोलीच्या युनिटात) फक्त मायक्रोवेव्ह असतो, शेगडी हवी असेल तर फुल किचन लिहिलेलं युनिटच घ्या. आणि फोडणी देताना खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, स्मोक अलार्म मोहरीच्या धुरालाही वाजतो!

हॉलिडे पार्कची साधी केबिन सहसा मोटेलपेक्षा स्वस्त, पण तिथे टॉयलेट-बाथरूम बाहेर, सगळ्यांचं मिळून, आणि कित्येकदा चादरी-टॉवेलचं भाडं वेगळं पडतं म्हणजे पाहिलेला दर तोच शेवटचा दर धरू नका. स्वयंपाकघरही सामायिक, पण ते मला खरंच आवडतं, मोठे ओटे, भरपूर शेगड्या, फ्रिजमध्ये आपल्या पिशवीवर नाव लिहून ठेवायचं, शेजारी कुणीतरी पास्ता करत असतं आणि आपण खिचडी, गप्पा आपोआप होतात. भांडी मात्र सगळीकडे मिळतील असं धरू नका, एक पातेलं जवळ असू द्या.

मी तरी ठरवताना हवामान बघते. टेकापो डोंगरांच्या कोरड्या बाजूला आहे, आकाश बहुतेक मोकळं, तो सगळा भाग डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचे दिवे मुद्दाम कमी ठेवतात, तिथे रात्री बाथरूमला जायला बाहेर पडलात तरी वर तारेच तारे, म्हणून तळ्याकाठची केबिन घ्या. डोंगर ओलांडून हास्ट, फ्रान्झ जोसेफकडे गेलात की धो धो पाऊस आणि वर सँडफ्लाय, म्हणजे चिलटांसारख्या चावऱ्या माश्या, तिथे छत्री घेऊन बाथरूम गाठणं आई-बाबांना किंवा लहान मुलांना जमणार नाही, सरळ मोटेल घ्या. केबिनच हवी असेल तर एन-सूट, म्हणजे आतच बाथरूम असलेली, बघा, पण मग दरात फारसा फरक उरत नाही.

दोन्हीकडे रिसेप्शन लवकर बंद होतं. उन्हाळ्यात नऊनंतरही उजेड असतो म्हणून माणसं गाडी चालवतच राहतात आणि पोचेपर्यंत ऑफिसला कुलूप, म्हणून उशीर होणार असेल तर दुपारीच फोन करा, बहुतेक जण किल्ली पाकिटात घालून ठेवतात. वानाका ते हास्ट साधारण १४० किलोमीटर, पण वळणं आणि एका लेनचे पूल यामुळे वेळ लागतो (पुलाच्या पाटीवर आपला बाण लाल आणि छोटा असेल तर आपण थांबायचं), आणि वाटेत नेटवर्क बऱ्याच ठिकाणी जातं. जेवणाची हॉटेलंही लवकर बंद होतात, त्यामुळे किचन असलेली खोली जरा महाग पडली तरी घ्याच.

घरून पोहे, भाजणी, मसाले नेणार असाल तर बंद पाकिटातलं असलं तरी एअरपोर्टवर डिक्लेअर करा, धोक्याचा पदार्थ न सांगता सापडला तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा केबिन आधी भरतात, त्यामुळे टेकापोचं बुकिंग सगळ्यात आधी करा.