दोघींत एक ऑक्सिमीटर: उंच शिखरांवरच्या काही महिन्यांच्या वापरानंतर

उंच डोंगरांवर जोडीने जाणाऱ्यांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जवळ ठेवावा का? माझं उत्तर हो आहे. फक्त दोघांत मिळून एकच घ्या, आणि आपला आकडा आपण वाचू नका, जोडीदाराला वाचू द्या. मी आणि माझी मैत्रीण बरेच महिने तो असाच वापरतोय. तीन हजार मीटरच्या वर मुक्काम असलेल्या आमच्या प्रत्येक चढाईत तो सोबत होता. त्याने काय दिलं आणि कशात त्याच्यावर विसंबू नये, हे दोन्ही सविस्तर लिहावंसं वाटलं.

वस्तू अगदी साधी आहे. बोटावर चिमटा बसतो, आत दोन ट्रिपल-ए सेल, वर छोटा पडदा. पडद्यावर रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, नाडीचे ठोके आणि नाडीबरोबर वरखाली होणारी एक उभी पट्टी. ब्लूटूथ नाही, ॲप नाही, आणि त्यावाचून आमचं काहीही अडलं नाही. सगळ्यात कामाची निघाली ती पट्टी. ती लयीत आणि भरघोस वर जात असेल तर आकड्याकडे बघायचं. ती अडखळत असेल, जेमतेम हलत असेल, तर पडद्यावर काहीही दिसो, ते मोजमाप सोडून द्यायचं.

हे असं का, ते यंत्र कसं चालतं यात आहे. चिमट्याच्या एका बाजूने लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश बोटातून जातात, साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडून दिलेलं लाल जास्त शोषतं. पण बोटात कातडी, हाड, शिरांमधलं रक्त असं सगळंच प्रकाश अडवतं. त्यातून फक्त धमनीतल्या रक्ताचा हिशोब वेगळा कसा काढायचा? जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये उत्तर मांडलं: नाडीच्या ठोक्याबरोबर जेवढा प्रकाश बदलतो तेवढाच मोजायचा. म्हणजे ठोका नीट पकडता आला नाही तर मोजमापाचा पायाच जातो. थंडीने बोटातलं रक्त आटलेलं असणं, हात थरथरणं, उघड्यावरचं कडक ऊन आणि नखांवरचं गडद नेलपॉलिश यांपैकी प्रत्येक गोष्ट मोजणी बिघडवते, आणि डोंगरावर पहिल्या तीन तर रोजच्याच.

म्हणून आमची पद्धत ठरून गेली. कॅम्पवर पोचल्यावर लगेच मोजायचं नाही. कोरडे कपडे, काहीतरी गरम पिणं, तंबूत अर्धा तास निवांत बसणं, बोटं काखेत धरून ऊबदार करणं, मग मोजायचं. सकाळी उठून बसण्याआधी, स्लीपिंग बॅगमध्येच पुन्हा एकदा. हात पोटावर टेकवलेला, बोलणं बंद, मिनिटभर थांबून स्थिरावलेला आकडा घ्यायचा. पहिल्या पाच सेकंदांत दिसणारा आकडा आम्ही मोजतच नाही. वहीत उंची, वेळ, टक्केवारी आणि ठोके एका ओळीत लिहायचे आणि त्यापुढे डोकं, पोट, झोप कशी आहे ते दोन शब्दांत.

जोडीदाराने वाचायचं कशासाठी, ते सांगते. विरळ हवेत चार-पाच खोल श्वास घेतले की आकडा बघता बघता काही टक्क्यांनी वर जातो. समुद्रसपाटीला असं फारसं दिसत नाही, कारण तिथे रक्त आधीच जवळपास पूर्ण भरलेलं असतं. हवेतला ऑक्सिजन आणि रक्तातली टक्केवारी यांचा आलेख काढला तर उंचावर आपण त्याच्या उतारावर असतो, ऑक्सिजन थोडा वाढला तरी टक्केवारी लगेच सरकते. पडदा दिसत असला की माणूस नकळत खोल श्वास घ्यायला लागतो. मैत्रिणीचं तसं व्हायचं. "अगं, नेहमीसारखा श्वास घे ना," असं मला दर वेळी म्हणावं लागायचं. मग आम्ही पडदा वाचणारीच्या बाजूला वळवायला लागलो आणि मोजून होईपर्यंत आकडा सांगायचा नाही असं ठरवलं. तेव्हापासून वहीतल्या नोंदी पटण्यासारख्या झाल्या.

आता आकडे. डब्यातल्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की नव्वदच्या खाली गेल्यास डॉक्टरांना भेटा. ते समुद्रसपाटीसाठी आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण कुठेही गेलं तरी साधारण २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब उतरत जातो आणि ५५०० मीटरवर तो जवळपास निम्मा उरतो. ठणठणीत माणसाचा आकडाही ३००० मीटरला नव्वदीच्या आसपास येतो आणि ४५०० च्या पुढे ऐंशीच्या घरात, कधी त्याहून खाली. याचं टोकाचं उदाहरण २००७ चं आहे. एव्हरेस्टवर गेलेल्या डॉक्टरांच्या संशोधन मोहिमेत उतरताना ८४०० मीटरवर चार गिर्यारोहकांच्या मांडीतल्या धमनीतून रक्त घेतलं, तेव्हा ऑक्सिजनचं सरासरी प्रमाण ५४ टक्के निघालं. रुग्णालयात असा आकडा दिसला तर धावपळ उडेल. ती माणसं आठवडेच्या आठवडे उंचीला रुळलेली होती आणि स्वतःच्या पायांवर चालत होती.

म्हणून इतरांच्या आकड्याशी आपला ताडून बघण्यात अर्थ नाही. त्यात उपकरणाची स्वतःची मर्यादाही आहे. 'दोन टक्के कमी-जास्त' असं जे छापलेलं असतं त्याचा अर्थ साधारण दोन-तृतीयांश मोजणी त्या टप्प्यात येतात, बाकीची त्याबाहेर जाऊ शकतात. सत्तरच्या खाली तर बहुतेक उपकरणांची अचूकता तपासलेलीच नसते. शिवाय त्वचा गडद असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवला असे प्रसंग कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाले. सावळ्या रंगाच्या आपल्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. त्याच उपकरणावर, त्याच बोटावर, आपलाच कालचा आणि आजचा आकडा बघायचा. दोघींत एकच उपकरण ठेवण्याचं एक कारण हेही आहे.

दोन प्रसंगांनी मला या वस्तूची खरी किंमत कळली, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला प्रसंग चार हजारांच्या थोडं वर. संध्याकाळी मैत्रिणीचा आकडा ८६, माझा ८१. नुसतं यंत्र पाहिलं तर जपायला हवं होतं मला. पण मी पोटभर जेवले होते आणि गप्पा मारत होते. तिचं डोकं ठणकत होतं, जेवण समोर तसंच पडलं होतं आणि विचारलेल्याला उत्तर यायला वेळ लागत होता. आम्ही लेक लुईस गुणपत्रक पाठच केलं आहे: डोकेदुखी, पोटाची तक्रार, थकवा, चक्कर, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी असेल आणि एकूण बेरीज तीन किंवा जास्त असेल तर उंचीचा त्रास धरायचा. पूर्वी यात झोपेचाही प्रश्न होता, २०१८ च्या सुधारणेत तो काढला. तिची बेरीज पाच झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. त्रास वाढला तर खाली उतरायचं, एवढं रात्रीच बोलून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं डोकं साफ होतं आणि भूक परतली होती. आकडा मात्र जवळपास होता तसाच. आजार ठरवायचा तो लक्षणांवर, हे मी वाचलेलं होतं, पण त्या दोन दिवसांत ते डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या वेळी यंत्रानेच जागं केलं. एकाच कॅम्पवर सलग मुक्काम होता. अशा वेळी शरीर रुळत जातं आणि आकडा हळूहळू चढायला हवा. तिचा आदल्या संध्याकाळपेक्षा चांगला दहाने खाली आला होता आणि बसल्या जागी नाडी बरीच वाढली होती. बोटं गरम करून, दुसऱ्या हाताला लावून पुन्हा मोजलं, तेच. ती म्हणत होती, "काही नाही गं, थंडीचा खोकला आहे." पण तो कोरडा खोकला आणि बसलेली असतानाही लागणारी धाप यांच्या जोडीला घसरलेला आकडा आला, तेव्हा मला फुप्फुसांत पाणी साचण्याची शंका आली, आणि त्या शंकेवर उपाय एकच, खाली उतरणं. वहीतल्या कालच्या आणि आजच्या ओळी तिच्यासमोर धरल्या. वाद झाला नाही. उजेड असेतोवर आम्ही बरंच खाली आलो. तिची पाठपिशवी मी घेतली होती, कारण अशा अवस्थेत श्रम जितके कमी तितकं बरं. खालच्या मुक्कामी तिचा श्वास मोकळा झाला आणि आकडाही चढला. नुसतं 'तू बरी दिसत नाहीस' म्हटलं असतं तर तिने आणखी एक रात्र काढायचा आग्रह धरला असता, इतकी मी तिला ओळखते.

या अनुभवामुळे आम्ही निघण्याआधीच, खाली शुद्धीत असताना एक गोष्ट ठरवतो. दोघींपैकी कोणीही 'उतरूया' म्हटलं की उतरायचं, का ते खाली पोचल्यावर विचारायचं. ऑक्सिजन कमी पडलेला मेंदू स्वतःची अवस्था चुकीची जोखतो. त्याच्याकडूनच परवानगी कशी मागणार? टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालून बघणं हीसुद्धा आमची रोजची चाचणी आहे. तोल गेला तर मेंदूला सूज येत असल्याची शंका धरायची, मग ऑक्सिमीटर काय म्हणतो याला महत्त्व नाही.

तक्रारी थोडक्यात. थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात. लिथियमचे टिकतात, आणि तेही रात्री अंगाजवळ ठेवावेत. चिमट्याची स्प्रिंग सैल पडली आहे, त्यामुळे मैत्रिणीच्या बारीक बोटावर तो आता सरकतो. धोक्याची घंटा तर उंचावर सतत वाजते, ती पहिल्याच मुक्कामी बंद करावी लागली. मनगटी घड्याळातलं ऑक्सिजनचं मोजमापही आम्ही करून पाहिलं. थंडीत ते फारच उड्या मारतं. शिवाय झोपेतले आकडे बघणं आम्ही सोडून दिलंय. उंचावर झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोरात सुरू होणं बहुतेकांना होतं, त्याबरोबर आकडाही खालीवर होतो, आणि ते बघत बसलं की उरलेली झोपही जाते.

अडीच हजार मीटरच्या आत एका दिवसात जाऊन येणाऱ्यांनी हा घेऊ नये, उपयोग होणार नाही. आणि 'आकडा छान आहे, चला आणखी वर' असं ज्यांना त्याच्याकडून ऐकायचं आहे त्यांनी तर नक्कीच घेऊ नये. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम आकडा कितीही चांगला आला तरी आम्ही मोडत नाही.

स्प्रिंगमुळे आता नवा घ्यावा लागेल. घेताना नाडीची पट्टी आहे ना, पडदा उलट दिशेने वाचता येतो ना, घंटा पूर्ण बंद होते ना आणि हातमोजे घालून सेल बदलता येतात ना, एवढं बघणार आहोत. नवा आला की जुन्याशेजारी लावून दोघींचे आकडे खालीच काही दिवस ताडून घेऊ, म्हणजे दोन्हींत किती फरक आहे ते कळेल आणि वहीतल्या जुन्या नोंदी वापरता येतील.