क्राऊन-पिनियन बदलल्याचे पैसे घेतले, बदलले फक्त स्पीडोमीटरचे गिअर

खोपोली ते तळेगाव या पट्ट्यात बंद पडलेल्या गाड्या टोचन करून नेण्याचा माझा व्यवसाय आहे. जुन्या टाटा ट्रकच्या चासीवर क्रेन बसवलेली एकच गाडी माझ्याकडे असून ती मी स्वतः चालवतो. तिच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीत, 41:6 ची क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी आहे, म्हणजे क्राऊन या मोठ्या चाकाला 41 दाते, पिनियन या छोट्याला 6, आणि गाडीच्या चाकाच्या एका फेऱ्यासाठी गिअरबॉक्सकडून येणाऱ्या लांब शाफ्टचे 6.83 फेरे. बोरघाटाच्या चढावर भरलेला टेम्पो ओढताना हे प्रमाण फार उपयोगी पडते. परंतु सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ताशी 60 कि.मी. वेगालाच इंजिन 2100 आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास फिरत राहते आणि रिकामी गाडी घेऊन लांब जायचे असेल तर डिझेल नाहक जळते.

हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजमालकाने 41:7 ची जोडी घालण्याचे सुचवले. तेवढ्याच वेगाला इंजिन 1800 वर येईल, असे त्याने सांगितले, आणि हे गणित बरोबरच आहे. चढावरचा जोर सातव्या हिश्श्याने कमी होईल, हेही त्याने आपणहून सांगितले. त्यामुळेच माझा त्याच्यावर विश्वास बसला. 48 हजार रुपये रोख दिले, कच्चे बिल घेतले, आणि जुनी जोडी भंगारात वळती केल्याचे त्याने सांगितले तेव्हा ती दाखवा, असे मी म्हटले नाही. ती माझी मोठी चूक होती.

गाडी हातात आल्यावर सारे काही सांगितल्याप्रमाणे दिसले. स्पीडोमीटरचा काटा 60 वर असताना इंजिन 1800 वर होते, आणि लिटरला 4.2 चे अ‍ॅव्हरेज 4.9 झाले. घाटात मात्र जोर तसूभरही कमी झाला नव्हता. खरे तर तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण प्रमाण बदलले आणि ओढ तशीच राहिली, असे होऊच शकत नाही. गॅरेजमालकाला विचारले तेव्हा, नवीन दात्यांत घर्षण कमी असते, असे उत्तर मिळाले आणि मी गप्प बसलो.

तीन महिन्यांनी एका गिऱ्हाइकाने बिलावर हरकत घेतली. त्याच्या मोबाइलच्या नकाशात अंतर 36 कि.मी. होते आणि मी काट्यानुसार 42 लावले होते. मी त्याच्याशी वाद घातला, याचे आजही वाईट वाटते. दुसऱ्या दिवशी द्रुतगती मार्गावरील अंतराच्या फलकांशी काटा ताडून पाहिला, तर फलकांनुसार 12 कि.मी. झाले तेव्हा काट्यावर 14 कि.मी. पडले होते. सहाचे सात, अगदी नेमके.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघते, म्हणजे डिफरन्शियलच्या आधीच. त्यामुळे क्राऊन-पिनियन खरोखर 41:7 ची घातली, तर काटा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो, आणि तो बरोबर करण्यासाठी केबलच्या मुळाशी असलेले छोटे प्लास्टिकचे गिअर बदलावे लागते. या माणसाने डिफरन्शियलला हातच लावला नव्हता. केवळ ते छोटे गिअर बदलले होते. त्यामुळे वेग वाढलेला दिसला, किलोमीटर वाढलेले दिसले आणि अ‍ॅव्हरेजही सुधारलेले दिसले. डिझेलचा महिन्याचा खर्च मात्र होता तेवढाच राहिला होता. दुसऱ्या गॅरेजात डिफरन्शियल उघडून पाहिले, तेव्हा पिनियनवर 6 आणि 41 हे आकडे आणि वर्षानुवर्षे झिजलेले तेच जुने दाते दिसले.

काम करून घेतल्यावर हे न उघडताही तपासता येते. पुढच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडकण) लावावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक सोडावा, मागची एकच बाजू जॅकवर उचलून खाली भक्कम ठोकळे द्यावेत आणि शाफ्टवर खडूने खूण करावी. उचललेले चाक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे तेवढ्यात क्राऊनचा एकच फेरा होतो. शाफ्टचे सातास थोडे कमी फेरे भरले, तर जोडी 41:6 ची. सहास थोडे कमी भरले, तर 41:7 ची. रोज दुसऱ्यांच्या गाड्यांचे शाफ्ट सोडवणाऱ्या मला ही दहा मिनिटे स्वतःच्या गाडीसाठी काढावीशी वाटली नाहीत. याशिवाय जुनी जोडी ताब्यात घ्यावी, आणि क्राऊन व पिनियन जोडीनेच घासून तयार केलेले असतात म्हणून नव्या जोडीच्या दोन्ही भागांवरचा जोडक्रमांक एकच आहे, हे बसवण्यापूर्वी पाहून पक्क्या बिलावर लिहून घ्यावे.

गॅरेजमालकाने पैसे परत देण्यास नकार दिला आहे, आणि कच्च्या बिलावर केवळ ‘हौसिंग काम’ (डिफरन्शियलच्या पेटीचे काम) एवढेच लिहिलेले असल्यामुळे माझी बाजू लंगडी पडते. परंतु त्या तीन महिन्यांत मी ज्यांच्याकडून सहा किलोमीटरला सात किलोमीटरचे भाडे घेतले, त्यांचा यात काहीच दोष नव्हता. बिलबुकातील 31 जणांपैकी 26 जणांना मी फरक परत केला असून उरलेल्या पाच जणांचे दूरध्वनी लागत नाहीत. त्यांची रक्कम वेगळी काढून ठेवली आहे.